पंधरा एकरांचे गुंठे किती? गिरणगावचा हिशेब आणि आपलं सातपूर-अंबड

नाशिककर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

सातपूर-अंबडकडे एखादी बंद कंपनी दिसली, गेटला गंजलेलं कुलूप, आत कमरेएवढं गवत, की आपल्याकडे लगेच एकच विषय निघतो. इथे टॉवर झाले तर काय भाव निघेल? चहाच्या टपरीवरही हेच आणि लग्नाच्या पंगतीतही हेच. यात वावगं काही नाही. शहर वाढतंय, पोरांना घरं हवीत, बंद शेडमध्ये साप-विंचू पोसण्यापेक्षा तिथे माणसं राहिलेली केव्हाही बरी.

पण कारखान्याची जागा फ्लॅटची जागा होते तेव्हा नेमकं काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा पुरतं पाहिलंय. मुंबईच्या गिरणगावात. ती गोष्ट आपण 'संप झाला, गिरण्या बंद पडल्या, मॉल आले' अशी तीन वाक्यांत सांगून मोकळे होतो. मधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यात गळून जातं. ते वाक्य नियमाच्या पुस्तकात होतं आणि त्यातला सगळा खेळ एका शब्दाचा होता. आज त्या शब्दाबद्दल लिहायचंय.

आधी थोडं मागे जाऊ.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये मुंबईची ही पहिली गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, दादर या पट्ट्यात चिमण्यांचं रान उभं राहिलं. कामाला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. चाळी, खानावळी, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती, तमाशाचे फड, सगळं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. आपण रविवारी सुटी घेतो ना, तिची मुळंही इथलीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गिरणी कामगार पहिल्या फळीत होता.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साधारण अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. शिवाय एकाच मान्यताप्राप्त युनियनला सगळे अधिकार देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही मागणी होती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला. कोणी गावी परतलं, कोणी भाजीची गाडी लावली, हजारो कामगारांना गिरणीनं परत घेतलंच नाही.

योगायोग बघा. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९८२ ला, नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. मुंबईतली गर्दी कमी करायची, नवे उद्योग बाहेर न्यायचे, हे सरकारचं धोरण होतंच. मायको, महिंद्रा, सीएट अशी नावं आपल्या बोलण्यात रुळली ती याच काळात. तिकडे एक कामगारनगरी मोडत होती, इकडे एक उभी राहत होती. म्हणून गिरणगावची गोष्ट आपल्याला परकी नाही.

आता मुद्द्यावर.

गिरण्या बंद पडल्या तरी जमीन होती. थोडीथोडकी नव्हे, ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर, तीही मुंबईच्या मध्यात. ही विकायची की नाही, विकली तर पैसा कुणाचा, हा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्याचं उत्तर दिलं गेलं. नियम क्रमांक ५८. ढोबळ मानानं त्याचा अर्थ असा: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर तिचे तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला, बागा-मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक वाटा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला एक वाटा मालकाला, त्यावर तो बांधो नाहीतर विको. आणि आलेल्या पैशातून आधी कामगारांची देणी चुकती करा.

मला विचाराल तर हा शहाणा नियम होता. जमिनीचा भाव मालकाच्या कर्तबगारीनं वाढलेला नव्हता. शहर वाढलं, रेल्वे आली, रस्ते झाले, लाखो माणसांनी तिथे घाम गाळला, म्हणून भाव वाढला. मग वाढीव भावात शहराचा आणि कामगारांचा वाटा असायलाच हवा.

पण मालकांना दोन वाटे सोडणं जड गेलं आणि बहुतेकांनी जमीन विकासाला काढलीच नाही. १९९६ मध्ये सरकारनं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. सुटी सुटी गिरणी बघू नका, सगळ्या गिरणगावचा एकत्र आराखडा करा, असं समितीनं सुचवलं. अहवाल आला आणि राहिला.

मग आलं २००१. नियम ५८ दुरुस्त झाला. तीन वाटे कायम राहिले. बदललं ते इतकंच की वाटे पूर्ण जमिनीचे नाहीत, 'मोकळ्या' जमिनीचे करायचे. म्हणजे शेड, गोदामं, इमारती यांच्याखाली जेवढी जमीन आहे ती हिशेबातून बाहेर. बरं, या इमारती पाडल्या तर जमीन मोकळी होते, मग ती तरी धरायची का? नाही. पाडून मोकळी झालेली जमीन मोकळी धरायची नाही, आणि पाडलं तेवढं बांधकाम मालकाला पुन्हा बांधता येईल.

आपल्या भाषेत हिशेब करू. समजा एक गिरणी आहे १५ एकरांची. म्हणजे ६०० गुंठे. त्यातल्या १२ एकरांवर बांधकाम आणि ३ एकर मोकळे. जुन्या नियमानं पालिका आणि म्हाडा यांना मिळून जायचे साधारण ४०० गुंठे. नव्या नियमानं वाटे फक्त ३ एकरांचे, म्हणजे १२० गुंठ्यांचे. त्यातले दोन वाटे, ८० गुंठे. ४०० चे ८० झाले. एका शब्दानं.

गिरणी म्हणजे मुळातच भिंतीला भिंत लावून शेड. मोकळी जागा असणार तरी किती?

याविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. त्यानंतर गिरणगावचा नकाशा ज्या वेगानं बदलला तो आपण सगळ्यांनी बघितलाय.

वेग किती होता, त्याचं एक उदाहरण. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. त्यातली मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे १७ एकर, डीएलएफनं ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढा समूहानं सुमारे २,७०० कोटींना घेतली. गुंठ्याचा हिशेब लावला तर साधारण एक कोटीचे चार कोटी, सात वर्षांत. हे सगळं कायदेशीर होतं, म्हणून तर ते नीट समजून घ्यायला हवं. मधल्या तीन कोटींत त्या गिरणीत सूत काढणाऱ्या माणसाचा वाटा कुठे होता, एवढंच विचारायचं.

कामगाराला काय मिळालं? बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८९ पासून दत्ता इस्वलकर आणि त्यांचे साथी लढत होते. उपोषणं झाली, मोर्चे झाले. त्यातून कामगारांना घरं द्यायचा निर्णय झाला. २०१२ मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली, सात हजारांच्या आसपास घरांची. नंतर २०१६ आणि २०२० मध्ये आणखी. सगळी मिळून पंधरा-सोळा हजार घरं. अर्ज होते दीड लाखाहून जास्त. घर केवढं? २२५ चौरस फूट. आपल्या नाशिकमधल्या बऱ्याच बंगल्यांचा पार्किंग शेड त्यापेक्षा मोठा असेल. आणि हे फुकट नव्हतं, पहिल्या सोडतीत साडेसात लाख भरायचे होते. इस्वलकर २०२१ मध्ये गेले. उरलेल्यांसाठी शेलू-वांगणीचा पर्याय पुढे आला, तेव्हा जुलै २०२५ मध्ये सत्तरी-ऐंशीतली माणसं आझाद मैदानात बसली. मागणी एकच, घर मुंबईतच द्या.

काही जण म्हणतात, वारसा जपायला हवा होता. बरोबर आहे, पण वारसा म्हणजे काय? फिनिक्स मिलची चिमणी आजही उभी आहे, मॉलच्या मधोमध. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. ज्या मँचेस्टरकडे बघून आपण गिरण्या बांधल्या, तिथे ॲन्कोट्स भागात मरेज मिल्स नावाची १७९८ सालची गिरणी आहे. ती पाडली नाही, जुन्या विटांच्या भिंती ठेवून आत फ्लॅट केले. आपल्याकडे इमारतीला किंमतच नव्हती. सगळी किंमत खालच्या जमिनीची, म्हणून वरचं सगळं झोपवलं आणि चिमणी शोभेला ठेवली. पुढे पुढे तर जाहिरातींत परळचं 'अप्पर वरळी' झालं. परळ म्हटलं की चाळ आठवते, वरळी म्हटलं की समुद्र. म्हणजे जमिनीमागोमाग नावही गेलं.

हे फक्त मुंबईत झालं असं समजू नका. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली होती. कामगारांना पेन्शन देण्याची कल्पना ज्या काळात कुणाच्या डोक्यात नव्हती, त्या काळात तिथे ती राबवली गेली. आज त्या जागेवर मॉल आणि निवासी इमारती आहेत. आपल्या शेजारच्या जळगावात खानदेश मिलच्या जागेवरही असंच संकुल उभं राहिलं. म्हणजे ही लाट घाट चढून कधीच आलीय.

आता आपलं घर.

नाशिकचा औद्योगिक इतिहास गिरण्यांचा नाही. आपली सुरुवात नाशिकरोडच्या प्रेसपासून. शंभर वर्षांपूर्वी इंडिया सिक्युरिटी प्रेस उभं राहिलं, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आलं, आणि दोन्ही आजही चालू आहेत. जुनं झालं म्हणजे बंदच पडतं असं नाही, याचा दाखला आपल्या दारात आहे. मग १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूर, अंबडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी उद्योगासाठी संपादित झाल्या. कंपन्यांना त्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाल्या. कामगारांसाठी सिडकोनं सहा योजनांत हजारो घरं बांधली. कारखाना आला आणि त्याच्यामागे कामगाराचं घर आलं. गिरणगावात शेवटी उलटं झालं. घरं आली आणि कामगार गेला.

ज्या शेतकऱ्याची द्राक्षाची नाहीतर गव्हाची जमीन गेली, त्याला सांगितलं होतं की इथे उद्योग येईल, पोरांना नोकरी लागेल. त्या जमिनीवर उद्या टू-बीएचके उभे राहणार असतील तर ते मूळ वचन मोडतं. मोडायचं असेल तर निदान उघडपणे, हिशेब मांडून मोडा. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजनाचे अधिकार एमआयडीसीचे. बाहेरच्या औद्योगिक पट्ट्यात २०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीनं निवासी वापराची वाट ठेवलीय, पण बंद कारखाना असेल तर कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत लागतं. ही अट त्यात आपोआप आलेली नाही. ती गिरणी कामगारांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली शिदोरी आहे. ती कागदावर आहे तोवर वापरायला शिका.

तेव्हा पुढच्या वेळी 'इथे टॉवर होणार' असं ऐकलं की भावाच्या आधी चार गोष्टी विचारा. ही जमीन कुणाकडून, कशासाठी आणि काय दरानं घेतली होती? शेवटच्या दिवसापर्यंत कामावर असलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी, फंड, थकबाकी मिळाली का? शहराला बाग, शाळा, छोटी घरं यासाठी किती गुंठे मिळणार, आणि ते गुंठे पूर्ण जमिनीवर मोजलेत की 'मोकळ्या' जमिनीवर? आणि चौथं, इथला रोजगार गेला तर तो नाशिकमध्ये दुसरीकडे कुठे उभा राहणार?

हे प्रश्न बिल्डरला नको, नगरसेवकाला, आमदाराला विचारा. हरकती-सूचनांची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, मुदत साधारण महिन्याभराची असते. ती वाचा. व्याख्या तर शब्द न् शब्द वाचा. 'मोकळी', 'वापरात नसलेली', 'आजारी' असे साधे दिसणारे शब्द तिथेच बसलेले असतात.

आपल्याकडे अजून मायको सर्कल आहे, एबीबी सर्कल आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर पोचवतो. पुढच्या पिढीला तिथे फक्त नाव मिळावं की कामही मिळावं, हे आपण आत्ता ठरवतोय.

जुन्या कामगारांनी, ज्यांची जमीन गेली त्या कुटुंबांनी जरूर लिहा. तुमच्याकडचे हिशेब माझ्यापेक्षा पक्के असणार.