हृदयक्रिया बंद पडणे, मुलांतील (डहाणू व तलासरी)

हृदयाचे ठोके एकाएकी थांबून मेंदूचा रक्तपुरवठा तुटणे म्हणजे हृदयक्रिया बंद पडणे. हृदयविकाराचा झटका निराळा. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते, पण ठोके चालू असू शकतात. मोठ्या माणसांत बहुधा हृदय आधी बिघडते. मुलांत बहुतेकदा श्वास आधी अडतो आणि प्राणवायूवाचून हृदय थकत जाऊन थांबते. म्हणून पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन आदिवासीबहुल तालुक्यांत प्रतिबंधाची सुरुवात पाणी, साप आणि विंचू यांपासून करावी लागते. 13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली दगावल्या. मण्यार तर झोपेतच गाठते. जमिनीवर निजलेल्या मुलाला दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी इथे हृदयाचेच रक्षण करते. साप चावल्यावर भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, धाव घेणाऱ्या कुटुंबाला दोष देऊन काहीच साधत नाही. रुग्णाला थेट दवाखान्याकडे धाडणारा भगत तयार करणे अधिक मोलाचे आहे.

लाल विंचवाचे विष मात्र थेट हृदयावर घाला घालते. रक्तदाब चढतो, हृदय दुबळे होते, फुफ्फुसांत पाणी साचते. कोकणातच, महाड परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा वापर रुजवला. त्याआधी गंभीर विंचूदंशात 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. नंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. मोठ्या यंत्रांवाचून, खेड्यातल्या दवाखान्यातही मुलाचे हृदय वाचवता येते, याचा याहून ठोस पुरावा शोधायला नको.

पाणी, साप आणि विंचू यांपासून सुरुवात करण्यावर एक आक्षेप असा, की हृदयाचे आनुवंशिक दोष यातून निसटतील. इटलीने 1982 पासून खेळाडूंची ईसीजी तपासणी सक्तीची केली आणि व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू पुष्कळ घटले, हे खरे. पण ईसीजी काढला की तो वाचणारा, सोनोग्राफी करणारा आणि पुढे उपचार करणारा तज्ज्ञही लागतो. दुर्गम पाड्यातल्या मुलासाठी ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातात. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयविकार त्यांच्या यादीत आहेत. या पथकांनी दोन प्रश्न नेमाने विचारावेत: पळताना कधी शुद्ध हरपली का, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का? ज्याचे उत्तर ‘हो’ येते, असे मूल अनेकदा फेफऱ्याचे समजून सोडून दिले जाते. ईसीजीची गरज सर्वांत आधी त्यालाच असते.

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. नुसती छाती दाबणे शिकवायला सोपे, म्हणून आश्रमशाळांत तेवढेच शिकवावे, असे सुचवले जाते. बुडालेल्या मुलाला ते अपुरे पडते. त्याला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो, मग 30 दाबांमागे 2 श्वास. प्रशिक्षित दोघे असतील तर 15 दाबांमागे 2.