विहिरीतला आंधळा झिंगा

झिंगा म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. घाटावरच्या माणसाला फार तर कृष्णा-कोयनेच्या डोहात जाळे टाकणारा भोई आठवेल. पण जमिनीखालच्या काळोख्या पाण्यात जन्मणारा, तिथेच वाढणारा आणि आयुष्यात उजेड न पाहणारा झिंगाही असतो. त्यासाठी परदेशात जायला नको. सातारा-सांगलीहून सह्याद्री उतरला की रत्नागिरीत तो आहे. 1979 साली के. एन. संकोल्ली आणि शकुंतला शेणॉय या दोन संशोधकांनी तिथल्या विहिरीत मिळालेल्या आंधळ्या झिंग्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तोवर माहीत असलेल्या कोणत्याच प्रजातीत तो बसेना. म्हणून त्याच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली आणि नाव ठेवले गेले 'ट्रॉग्लिंडिकस फ्रिॲटिकस'. पहिल्या शब्दात बीळ किंवा गुहा या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हिंद एकत्र आले आहेत. दुसऱ्याच्या मुळाशी 'फ्रेआर' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ विहीर.

इतिहासावर लिहिणारा माणूस झिंग्याच्या मागे कशाला लागला, असे कुणी विचारील. आपल्याकडे विहिरीचा इतिहास म्हणजे ती कुणी बांधली, कधी बांधली आणि शिलालेखात काय आहे, एवढाच सांगितला जातो. विहिरीत जे जगते त्याचाही इतिहास आहे. तो संहितेत आहे, फिकहच्या किताबांत आहे, रोगाच्या नोंदींत आहे आणि प्राणिशास्त्राच्या अंकांत आहे. या नोंदी एका ओळीत लावून पाहिल्या की आपल्या भागातल्या बुजणाऱ्या विहिरींकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

लपलेले पाणी शोधणारे

जमिनीच्या पोटातले पाणी शोधणे ही जुनी विद्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्यासाठी एक आख्खा अध्याय दिला. कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला, किती पुरुष खोलीवर पाणी लागेल हे तो सांगतो. खोदताना मधे काय काय लागेल त्याच्या खुणाही देतो. त्यात मातीचा रंग आहे, दगडाची जात आहे आणि फिक्या रंगाचा बेडूकही आहे. त्या काळच्या पाणाड्याला जमिनीखालचा जीव ही पाण्याची खूण वाटत होती.

इराणात इ.स. 1017 च्या सुमारास अल्-करजी या गणितज्ञाने लपलेले पाणी बाहेर कसे काढावे यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून, नुसत्या उताराच्या जोरावर गावापर्यंत आणण्याची कनात किंवा कारेज ही पद्धत त्यात आहे. हीच विद्या पुढे दख्खनमध्ये रुजली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहर-ए-अंबरी आणली. आदिलशाहीच्या राजधानीत, विजापुरात, तोरवीकडून सुरुंगातून पाणी येत असे. त्या वेळी आपली मिरज आणि वाई याच आदिलशाहीत होती.

आपल्याकडच्या विहिरीही काही कमी नाहीत. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. शिलालेखात शके 1641 ते 1646 म्हणजे इ.स. 1719 ते 1724 ही वर्षे आहेत. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात एवढे पाणी तिला होते. पुढे 1883 मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, म्हणजे दुष्काळी पट्ट्यातले. सरकारने पाणाड्यांकडून जमिनी तपासून घ्याव्यात आणि जिथे मोटेपुरते पाणी लागेल तिथल्या खुणा नकाशावर कराव्यात, अशी सूचना त्यांनी त्यात केली आहे. अल्-करजी आणि जोतीराव यांच्यामध्ये साडेआठशे वर्षे आणि हजारो मैल आहेत. दोघांना चिंता मात्र एकच होती.

किती बादल्या उपसाव्यात?

आता फिकहकडे येऊ. बाराव्या शतकात फरगाण्याच्या मर्गिनानींनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी मदरशांत आजही शिकवला जातो. त्यात विहिरीवर वेगळे प्रकरण आहे. विहिरीत उंदीर किंवा चिमणी मेली तर वीस ते तीस बादल्या पाणी काढावे. कबुतर, कोंबडी किंवा मांजर असेल तर चाळीस ते साठ. बकरी किंवा माणूस असेल तर सगळी विहीर उपसावी. लहानपणी मक्तबमध्ये हे मसले ऐकताना आम्हा पोरांना हसू यायचे. पण याच प्रकरणाच्या आसपास आणखी एक नियम आहे. मासा, बेडूक, खेकडा असे पाण्यातच जगणारे जीव पाण्यात मेले तर पाणी नापाक होत नाही. ज्याचे घरच पाण्यात आहे त्याच्यामुळे पाणी बिघडत नाही, अशी ही समज.

झिंग्याचा प्रश्न मात्र वेगळ्या कारणाने गाजला. कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई, घाटावरचे बहुतांश हनफी. शाफईंना पाण्यातले बहुतेक जीव हलाल आहेत. हनफींच्या मते पाण्यातला फक्त मासा हलाल. मग झिंगा हा मासा आहे की नाही? यावर हनफी उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. त्यामुळे कुंभार्ली किंवा आंबा घाट ओलांडला की दस्तरखानावरचे मतही बदलते. प्राणिशास्त्र झिंग्याला मासा मानत नाही, तो खेकड्याच्या भावकीतला कवचधारी जीव. मला या वादात निकाल द्यायचा नाही. लोकांनी एका छोट्या जीवाची जात ठरवण्यासाठी किती बारकाईने विचार केला होता, एवढेच दाखवायचे आहे.

नारूचा धडा

विहिरीतला प्रत्येक जीव माणसाच्या फायद्याचाच होता असे नाही. झिंग्याचा एक दूरचा नातलग म्हणजे सायक्लॉप्स. हा डोळ्याला जेमतेम दिसणारा कवचधारी जीव. नारूच्या जंताची पिल्ले याच्या पोटात वाढत. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरून घागर भरायचा. त्याच्या पायाच्या फोडातून जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडायचा, ती सायक्लॉप्स गिळायचा आणि तेच पाणी दुसरा माणूस प्यायचा. वर्षभराने त्याच्या पायातून हातभर जंत बाहेर यायचा. इब्न सीनाने या दुखण्याचे वर्णन 'मदिनेची शीर' या नावाने केले. युरोपीय शास्त्रीय नावातही मदिना राहिली. सायक्लॉप्सची यातली भूमिका 1870 च्या सुमारास रशियन संशोधक फेदचेन्को यांनी समरकंदच्या मुलखात ओळखली.

महाराष्ट्रातही नारू होता. माझी दादी पाणी भरताना घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधायची. कारण विचारले तर 'नारू होतो बाबा' एवढेच सांगायची. 1983-84 मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. पाणी गाळून प्यायला शिकवले गेले, पायऱ्यांच्या विहिरींत औषध टाकले गेले, हातपंप बसवले गेले. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ही मोठी गोष्ट होती आणि तिच्याबद्दल कुणालाही खंत वाटायचे कारण नाही. पण त्याच सुमारास पायविहिरीकडे घाणीची जागा म्हणून बघायची सवय लागली. घरात नळ आला आणि विहिरीत वाकून बघणे थांबले.

काळोखात कसे जगतात?

पुन्हा आपल्या झिंग्याकडे. काळोखात डोळ्यांचा उपयोग नसतो. डोळे आणि अंगाचा रंग सांभाळायला शरीराला खर्च येतो. पिढ्यानपिढ्या उजेड नसेल तर दोन्ही झडत जातात. त्याऐवजी मिशा आणि पाय स्पर्शाला, वासाला तीक्ष्ण होतात. अन्न वरून झिरपून येईल तेवढेच: कुजलेला पाचोळा, त्यावरचे जिवाणू, बारीक किडे. त्यामुळे असे जीव सावकाश वाढतात आणि अंडी थोडी घालतात. एकदा संख्या घटली की भरून यायला फार काळ लागतो.

असे झिंगे जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत आणि शोधाची गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. तिबेरियास सरोवराच्या काठी तब्घा इथे दगडी बांधणीचे जुने कुंड आहे, बिर्केत अली अद्-दाहिर. तिथल्या आंधळ्या झिंग्याचे वर्णन ब्रिटिश संशोधक काल्मन यांनी 1909 मध्ये केले. त्याचेच भाऊबंद पुढे लिबियात बेनगाझीजवळ आणि दक्षिण इटलीत मिळाले. आपल्या देशात स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी 1922 मध्ये गारो टेकड्यांमधली सिजूची गुहा पाहिली. तिथला झिंगा 1924 मध्ये नोंदला गेला. केरळात जांभ्याच्या जमिनीतल्या घरगुती विहिरींतून आंधळे मासे येत राहिले. त्यांची माहिती शास्त्रज्ञांना दिली ती विहिरीच्या मालकांनी. 2023 साली अशाच एका माशाला 'पॉप्युली' म्हणजे 'लोकांचा' असे नाव दिले गेले.

कुठे कुंड, कुठे गुहा, कुठे परसातली विहीर. जमिनीखालचे जग उघड्यावर येते अशी एखादी जागा होती आणि तिथे बघणारे माणूस होते. रत्नागिरीला मत्स्यसंशोधन करणारी माणसे होती, म्हणून तिथल्या विहिरीतला झिंगा कागदावर आला. इतिहासातही हेच होते. जिथे कारकून बसला होता तिथले दफ्तर राहिले.

आपला कातळ

सातारा-सांगलीत चुनखडीच्या गुहा नाहीत. कराडजवळच्या आगाशिवची लेणी माणसांनी कोरलेली आहेत. आपली जमीन साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. विहीर खोदणाऱ्याला तिचे थर पाठ असतात. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. जीवांना राहायला जागा तीच. सूक्ष्म कवचधारी अशा फटींतून फिरतात, खडकावरचा जिवाणूंचा थर खातात आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवायला हातभार लावतात.

या वाटांचे आपण काय केले? माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत विहिरी आटल्या तशी बोअर आली. एक कोरडी गेली की दुसरी अधिक खोल. कृष्णाकाठी उलटे झाले. उसाला पाणी इतके दिले की वाळवा आणि मिरज तालुक्यांत जमिनी क्षारपड झाल्या, वर खताचा अंश झिरपून खाली गेला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचे पाणी पोहोचले तिथे लोकांचे जगणे सुधारले, हे मान्यच करायला हवे. पण जुनी विहीर निरुपयोगी ठरली आणि कचरा, राडारोडा टाकून बुजवली गेली. बोअर म्हणजे सहा इंचांचे भोक. त्यात वाकून बघता येत नाही. त्यातून पंपाने आलेला जीव नळाला पोहोचेपर्यंत ओळखण्यासारखा राहत नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून अनेकदा मोजते आणि पाण्यातली रसायने तपासते. पश्चिम ऑस्ट्रेलियात याच्या पुढचे पाऊल टाकले गेले आहे. खाणीला परवानगी देण्याआधी भूजलात राहणाऱ्या जीवांची पाहणी मागितली जाते. हे जीव स्वच्छ, टिकून असलेल्या पाण्याची साक्ष देतात, असे तिथे मानतात. वराहमिहिराच्या फिक्या बेडकापेक्षा हे फार वेगळे नाही.

आपल्याला लगेच एवढे मोठे काही करायचे नाही. चैत्र-वैशाखात गावोगावी विहिरींचा गाळ निघतो. गाळ काढण्याआधी आणि टीसीएल पावडर टाकण्याआधी तळाच्या झऱ्याजवळचे चार-पाच बादल्या पाणी दाट पांढऱ्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर काही पांढुरके, रंगहीन, वळवळणारे दिसले तर ते त्याच पाण्याच्या बाटलीत, सावलीत ठेवावे, विहिरीचे ठिकाण आणि तारीख लिहावी. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे. बाटली तिथे पोहोचवावी. मशिदीच्या आवारातल्या, दर्ग्याजवळच्या, देवळामागच्या विहिरी अनेकदा गावातल्या सर्वांत जुन्या असतात आणि अजून बुजलेल्या नसतात. सुरुवात तिथून करता येईल. आणि ज्या विहिरीचा वापर संपला आहे तिच्यात कचरा टाकण्याऐवजी वर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे ती उघडी राहील.