सिद्दींची कवंदी

सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो, आरमार आठवते, तोफा आठवतात. मी ज्या सिद्दींविषयी लिहितो आहे त्यांच्यापाशी ना किल्ला होता, ना बखर. ते आपल्या शेजारीच, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत रानालगत राहतात आणि घरात कोकणी-मराठी वळणाची बोली बोलतात. ही बोली त्यांच्याकडे आली कुठून? तर गोव्यातून. त्यांच्यातले बरेचजण इथून पळून घाट चढून गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज मानले जातात.

पोर्तुगीज जहाजे मोझांबिकहून माणसे आणीत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात असलेल्या लिन्स्खोतेन या डच माणसाने जुन्या गोव्याच्या हमरस्त्यावरील लिलावाचे वर्णन केले आहे. त्या लिलावात अरबी घोडे विकले जात आणि बायका-पुरुषही. पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघाला तो १८६९ साली! आपल्या इतिहासात पाडलेली देवळे येतात, बाटवाबाटवी येते, मुक्तिसंग्राम येतो. या माणसांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. आपली वाकळच ती, पण जरा निराळी. खाली जुन्या सुती साडीचा तळ, वर झिजलेल्या कपड्यांचे रंगीत तुकडे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि कडेकडेने फिरत, धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. आधी काही आखलेले नसते. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी बसवायचा ते शिवता शिवता ठरते, त्यामुळे दोन कवंद्या सारख्या होत नाहीत. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची 'फुलं' लावायची. ती नसली तर कवंदी नागडी!

हेन्री ड्रुअल या अमेरिकन कला-अभ्यासकाने या कामाकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली सिद्दी बायकांची सहकारी संस्थाही उभी राहिली आणि कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांच्या भिंतींवर गेल्या. काहींना त्या रंगसंगतीत थेट आफ्रिका दिसते. मला तसे ठामपणे म्हणवत नाही. गोधडी तर धारवाडकडची बाईही शिवते, कोल्हापूरकडचीही. पण शेजारणीचे कसब उचलून ते इतके आपल्या मर्जीने वळवणे, हे मला त्या आफ्रिकी धाग्याहून मोठे वाटते. ज्यांची नावेसुद्धा मालकांनी बदलली, त्यांच्या नाती-पणतींच्या हातचे हे चित्र आहे.

फार जुनी कवंदी मात्र सहसा सापडायची नाही. ती पांघरण्यासाठीच असते, पावसाळ्यात कुबट होते, धुऊन धुऊन विरते. मग तिच्यावर नवे ठिगळ चढते.