टोपी, डबा आणि हिरवं पुस्तक

कऱ्हाडहून आपली गाडी काढायची आणि मजल-दरमजल करत थेट अमृतसर गाठायचं, असा आम्हा नवरा-बायकोचा बेत गेली तीन वर्षं शिजतो आहे. गाडी अजून अंगणातच आहे. प्रवास मात्र एका शंभरपानी वहीत सुरू झाला आहे. वही अर्थातच सौ.ची. कुठे मुक्काम, कुठे जेवण, गोळ्या-औषधं, जादा चादरी असं सगळं तिनं लिहून ठेवलं आहे. मुक्कामाच्या पानावर आली तेव्हा म्हणाली, "अहो, खोल्या आधी फोनवरून ठरवा. आणि नाव तुमचं कवितेचं सांगा."

मी हसलो. माझं कवितेचं नाव वाचून माणसाला माझा धर्म कळत नाही. पण तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मागे एका गावी फोनवर रिकामी असलेली खोली मी पूर्ण नाव सांगताच भरली होती. आता आधार कार्डावर कवितेचं नाव नसतं ही गोष्ट वेगळी!

ती वही पाहताना मला न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं एक जोडपं आठवलं. नवरा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. जन्म १८९२ चा. नाव फ्रेंच कादंबरीकाराचं आणि धंदा पोस्टमनचा. १९१३ पासून तो शेजारच्या न्यू जर्सी राज्यात पत्रं वाटत असे. बायको अल्मा, दक्षिणेकडच्या रिचमंडची. दोघंही कृष्णवर्णीय. या पोस्टमननं १९३६ साली प्रवाशांसाठी एक छोटंसं पुस्तक काढलं. 'द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक' हे त्याचं नाव. ग्रीन म्हणजे हिरवं खरं, पण पुस्तकाचं नाव पडलं ते त्याच्या आडनावावरून.

आता प्रवासाला निघणाऱ्याला असं वेगळं पुस्तक कशाला हवं? त्या काळची अमेरिका म्हणजे मोटारींचा देश. १९२६ साली शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंतचा 'रूट ६६' नावाचा रस्ता नकाशावर आला. आठ राज्यांतून जाणारा, जवळजवळ चार हजार किलोमीटर लांबीचा. नवं लग्न झालेली जोडपी गाडीत सामान टाकत आणि निघत. रात्र पडेल तिथे मोटेल, भूक लागेल तिथे खाणावळ. मात्र जोडपं काळं असेल तर यातलं काहीच गृहीत धरता येत नसे. या रस्त्यावरच्या एकूण ८९ जिल्ह्यांपैकी ४४ जिल्ह्यांत, म्हणजे जवळपास निम्म्यांत, 'सूर्यास्ताची गावं' होती. काळ्या माणसानं दिवस मावळायच्या आत गावाबाहेर पडायचं, असा तिथला रिवाज. कुठे वेशीवर तशी पाटीच असे, तर कुठे पाटीचीही गरज पडत नसे. बरं, हा रस्ता काही दक्षिणेतून जाणारा नव्हे. ज्या दक्षिणेची एवढी बदनामी झाली ती वेगळीच.

तेव्हा अशा जोडप्याची प्रवासाची तयारी कशी असेल? बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव. पाण्याचं भांडं. पेट्रोलचा जादा डबा, कारण पुढचा पंप पेट्रोल देईलच असं नाही. गाडीत झोपायची वेळ आली तर ब्लँकेट. आणि कॉफीचा एक रिकामा पत्र्याचा डबा. तो कशाला, हे रेडिओवर सांगताना मी जरा थबकलो होतो. पंपावरचं संडास काळ्यांना बंद असे. रस्त्याकडेला झाडीत जावं तर त्यातही धोका. म्हणून बायकामुलांसाठी तो डबा.

आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे ड्रायव्हरची टोपी. गाडी नवी आणि चांगली असेल तर पोलिसांच्या डोळ्यांत खुपायची. काळ्या माणसाकडे अशी गाडी आली कुठून? मग गाडीचा मालक आपल्याच गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवायचा. कुणी अडवलं की ती डोक्यावर चढवायची आणि सांगायचं, गाडी साहेबांची, मी नोकर. शेजारी बसलेली बायको कोण, तर साहेबांची मोलकरीण. नवऱ्यानं बायकोदेखत असं सांगायचं आणि तिनं मान डोलवायची, हेही घरून निघतानाच ठरलेलं असे.

तरीसुद्धा लोक गाड्या घेत होते, कारण आगगाडी आणि बस यांपेक्षा गाडी बरी. तिथे मागच्या बाकावर जा म्हणणारा तरी कुणी नसे. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याचं रेचेलशी लग्न झालं आणि तीन आठवड्यांच्या आतच दोघं कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला खेळाच्या सरावासाठी निघाली. निघताना सासूबाईंनी सुनेच्या हातात बुटांचं खोकं ठेवलं. आत तळलेली कोंबडी आणि अंडी. रेचेल लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली. विमानानं जायचं आणि हातात हे खोकं, तिला लाज वाटली. पुढे न्यू ऑर्लिन्सला दोघांना विमानातून उतरवलं. विमानतळावरच्या उपाहारगृहात बसून खायला मनाई. तेव्हा ते खोकंच उघडावं लागलं. पेन्साकोलाला पुन्हा उतरवलं, त्यांच्या जागा गोऱ्या प्रवाशांना दिल्या. उरलेला रस्ता बसच्या मागच्या बाकावर बसून काढला. वर्षभरानं, एप्रिल १९४७ मध्ये, हाच जॅकी अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये उतरला आणि इतिहास घडला. तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मला सासूबाईंचं खोकं अधिक आठवतं. तिला हा रस्ता माहीत होता.

ग्रीनच्या पुस्तकात नेमकं हेच 'माहीत असणं' छापलेलं होतं. ज्यू लोकांची वर्तमानपत्रं आपल्या वाचकांना कुठे प्रवेश नाही हे कळवत असत, तीच कल्पना त्यानं उचलली. पण त्याची यादी उलटी. कुठे जाऊ नका यापेक्षा कुठे जा, हे तो सांगायचा. हॉटेलं, खाणावळी, न्हाव्याची दुकानं, ब्यूटी पार्लरं, गॅरेजं. आणि ज्या गावात हॉटेल नाही तिथे 'टुरिस्ट होम', म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली. यांतल्या कितीतरी नोंदी 'मिसेस अमुकतमुक' अशा आहेत. अनोळखी जोडप्याला रात्रीची दारं उघडणाऱ्या या घरमालकिणी, त्यांच्याबद्दल पुस्तकात पत्त्यापलीकडे काही नाही. पत्ते जमवायला ग्रीनला गावोगावचे पोस्टमन उपयोगी पडले. कुठल्या घरी कोण राहतं, हे पोस्टमनइतकं कुणाला माहीत असणार? वाचकही पत्ते कळवत. सुरुवातीचं पुस्तक न्यूयॉर्कच्या परिसरापुरतं होतं, पुढे देशभर पसरलं. किंमत सुरुवातीला पंचवीस सेंट. विकायचे एस्सो कंपनीच्या पेट्रोलपंपांवर. आपल्याकडे १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन जिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, तीच ही एस्सो.

१९१३ चा उल्लेख मी वर मुद्दाम केला. ग्रीन पत्रं वाटू लागला त्याच वर्षी त्याच्याहून एका वर्षानं मोठा असलेला एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला. हार्लेमला लागूनच असलेल्या त्या विद्यापीठात तो १९१६ पर्यंत होता. भीमराव आंबेडकर. आणि ग्रीनचं पुस्तक निघालं त्याच सुमारास, १९३५-३६ मध्ये, बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आपल्या आठवणींचं टिपण लिहिलं. पहिली आठवण १९०१ च्या प्रवासाची. ती घडली आमच्या कऱ्हाडजवळच्या मसूर स्टेशनात.

तयारी तिथेही जंगी होती. वडिलांची नोकरी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना साताऱ्याहून बोलावलेलं. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे बूट, बरोबर शिदोरी. पण आपण येतो आहोत हे पत्रानं कळवलेलं वडिलांपर्यंत पोचलंच नाही. स्टेशनमास्तरला जात कळली आणि एकही गाडीवान नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. शिदोरी भरपूर होती, पण ती खायला पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर गाडीवानानं शिकवलं, पाणी मागताना सांगा, आम्ही मुसलमान आहोत. दहा वर्षांच्या आतबाहेरच्या भीमरावांना उर्दू छान येत होतं. त्यांनी तसं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली.

त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन. मसूरच्या वाटेवर एका मुलानं जी ओळख टोपीसारखी डोक्यावर चढवली, ती माझी. आणि मी ती उतरवून कवितेचं नाव सांगावं असं माझी बायको म्हणते. पण हे एवढंच सांगून मला थांबता येणार नाही. त्याच टिपणात १९३४ ची दौलताबादची हकीकत आहे. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले. महिना रमजानचा. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हौद बाटवला म्हणून ओरडत आला. तो मुसलमान होता. मंडळींना आत जाऊ दिलं ते पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, बरोबर पहारेकरी देऊन. हे पान मी दर खेपेला वाचतो. कधी कधी भरभर वाचतो.

ग्रीननं पुस्तकाच्या प्रस्तावनेत आशा व्यक्त केली होती की एक दिवस हे प्रकाशन बंद करता येईल. १९६० मध्ये तो वारला, काम अल्मानं पुढे चालवलं. २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलांची दारं कायद्यानं उघडली. १९६६-६७ ची आवृत्ती शेवटची ठरली. यात एक विचित्र गोष्ट घडली. मोठी हॉटेलं खुली झाल्यावर काळ्यांची आपली छोटी हॉटेलं आणि त्या घरमालकिणींच्या खोल्या ओस पडल्या. बर्मिंगहॅमच्या गॅस्टन मोटेलची इमारत मात्र टिकली. १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग तिथल्या तीस नंबरच्या खोलीत राहत. ते आता राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

त्यांतली काही पानं मी सौ.ला मोबाइलवर दाखवली. तिनं चष्मा लावून मिसेस अमक्या-तमक्यांचे पत्ते बराच वेळ वाचले. मग वही ओढून घेतली आणि मुक्कामाच्या पानावर अजमेर, दिल्ली, लुधियाना इथल्या आपल्या ओळखीच्या घरांची नावं लिहायला बसली. त्यात दोन नावं गेल्या वर्षी रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या बायकांची आहेत.