भिंत वक्फची, फळ्या भाडेकरूच्या

घर किंवा गाळा रिकामा करताना भांडण अनेकदा भाड्यावरून होत नाही. ते पोटमाळ्यावरून होतं, ओट्यावरून होतं, भाडेकरूने स्वखर्चाने ठोकलेल्या कपाटावरून होतं. तो म्हणतो, मी केलंय, मी नेणार. मालक म्हणतो, काढलंस तर भिंत फुटेल. उस्मानी काळातल्या इस्तंबूलमध्ये या किरकोळ वाटणाऱ्या सामानाने बाजारातल्या दुकानांच्या मालकीचाच अर्थ बदलून टाकला.

तिथली पुष्कळ दुकानं वक्फची. वक्फची वास्तू विकता येत नाही. हनफी फिकहनुसार ती भाड्याने देतानाही मर्यादा आहे: घर-दुकान साधारण एक वर्ष, जमीन तीन वर्षं, आणि भाडं बाजारभावापेक्षा कमी नको. फकीहांना भीती एकच होती. वर्षानुवर्षं बसलेला माणूस पुढे मालक असल्यासारखा बोलू लागतो. पण लाकडी इस्तंबूल वारंवार जळायचं आणि जळालेली दुकानं बांधायला वक्फकडे पैसा नसायचा. मग ‘इजारतैन’, म्हणजे दोन भाडी, ही तोड निघाली. सुरुवातीला भाडेकरूने मोठी रक्कम द्यायची, नंतर दरवर्षी थोडं भाडं. त्याबदल्यात वहिवाट त्याच्या मुलाबाळांकडेही जाई.

१८व्या शतकात पुढचा टप्पा आला, ‘गेदिक’. शब्दाचा मूळ अर्थ फट किंवा खाच. व्यवहारात मात्र गेदिक म्हणजे कारागिराचं दुकानातलं सामान: त्याची अवजारं, फळ्या, धंद्याला लागणारं सगळं. दुकान वक्फचं, सामान उस्तादाचं. हे सामान उचलून रस्त्यावर ठेवलं तर धंदाच बसतो, म्हणून मुतवल्लीने भाडं वाढवून बाहेर काढायचा प्रयत्न केला की कारागीर गेदिक पुढे करत. हळूहळू गेदिकची नोंद होऊ लागली, ते विकलं जाऊ लागलं, गहाण पडू लागलं. नाव सामानाचं, पण विकली जात होती ती जागा. १८६१ मध्ये नवी गेदिकं देणं बंद झालं आणि १९१३ मध्ये ती पद्धतच रद्द झाली.

कैरोत याचा भाऊबंद होता ‘खुलू’. सुलतान अल-घौरीने (राज्यकाळ १५०१ ते १५१६) घौरिया बाजारातली दुकानं बांधली तेव्हा प्रत्येक व्यापाऱ्याकडून ठरावीक रक्कम घेतली आणि ती वक्फनाम्यात लिहून ठेवली, असं इब्न नुजैम हा हनफी फकीह नोंदवतो. मालिकी मुफ्ती अल-लकानी याने खुलूला मान्यता देणारा फतवा दिला. सगळ्या उलेमांना तो पटला असं मात्र नाही.

मला सर्वांत नेमका वाटतो तो दमास्कसचा इब्न आबिदीन (मृत्यू १८३६). दुकानात भाडेकरूची स्वतःची रीतसर केलेली बांधणी किंवा पक्कं सामान असेल तर इतरांआधी त्याचा हक्क, हे तो मानतो. पण अट घालतो: भाडं त्याने बाजारभावानेच दिलं पाहिजे. सामान आहे म्हणून भाडं कमी, हे त्याला मंजूर नाही.

पुढे १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या उस्मानी संहितेत अगदी घरगुती बाबीही आल्या. मालकाच्या परवानगीने केलेली जी दुरुस्ती वास्तूच्या उपयोगाची, तिचा खर्च मालकाकडे. पण तंदूर दुरुस्त केला तर तो भाडेकरूच्याच फायद्याचा, आधी ठरलं नसेल तर त्याचे पैसे मागता येत नाहीत. मुदतीत साचलेला केरकचरा काढणं भाडेकरूचं काम. त्याने बांधकाम केलं असेल तर मालकाने ते पाडायला लावावं किंवा किंमत मोजून ठेवून घ्यावं. आपल्याकडचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही जवळपास तिथेच पोहोचतो. ताबा असेपर्यंत भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू काढून न्याव्यात, मात्र जागा होती तशी परत करावी. फुटलेल्या भिंतीचं उत्तर त्यात आहे.

मुंबईत खुलूचं नाव पागडी. १९४७ च्या भाडे कायद्याने बरीचशी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि जागेची खरी किंमत भाड्यातून निघून पागडीत गेली. नंतर १९९९ च्या कायद्याने, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. खाजगी मालकाचा तोटा त्याचा तो बघेल. वक्फच्या गाळ्याचं तसं नाही. त्या भाड्यावर इमामाचा पगार, मदरशाची फी, कुणा विधवेचा महिना अवलंबून असतो. सच्चर समितीने २००६ मध्ये देशभरच्या वक्फ मालमत्तेचं वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी रुपये सांगितलं. मालमत्तेची कागदोपत्री किंमत होती ६,००० कोटी, बाजारभावाने अंदाज १.२ लाख कोटींचा.

या तफावतीत अतिक्रमणं आहेत, बोर्डांचा ढिसाळपणा आहे. आणि आपले मोहल्लेवालेही आहेत, जे मशिदीच्या गाळ्याचं भाडं नाममात्र देतात आणि तोच गाळा दुसऱ्याला देताना फळ्या-काउंटरच्या नावाखाली लाखोंची रक्कम खिशात घालतात. फळ्यांची किंमत त्यांना जरूर मिळावी. बाकीची रक्कम वक्फची आहे, आणि ती मागायला मुतवल्लीने गाळा हातातून जाण्याआधी उभं राहायला हवं.