विल्यम राजाची साखळी, राणीचा रुपया

ब्रिटनच्या राजाराण्यांपैकी आपल्याला कोण माहीत असतं? व्हिक्टोरिया, कारण तिच्या नावाचं स्टेशन होतं. एलिझाबेथ, कारण ‘द क्राउन’ आपल्यापैकी अनेकांनी रात्री जागून संपवली. आठवा हेन्री, त्याच्या सहा बायकांमुळे. चौथ्या विल्यमचं नाव मात्र कुणी घेत नाही. तो गादीवर होता जेमतेम सात वर्षं. पण मी इंदापूर तालुक्यातला, आणि माझ्या तालुक्यापुरतं विचाराल तर या विसरलेल्या राजाच्या काळात इथल्या मातीवर जी रेघ ओढली गेली, तेवढी खोल रेघ दुसऱ्या कुणाच्या काळात ओढली गेली नाही.

विल्यम हा तिसऱ्या जॉर्जचा तिसरा मुलगा. दोन थोरले भाऊ असल्यामुळे गादी मिळण्याची आशा नव्हती, म्हणून तेराव्या वर्षी त्याला आरमारात धाडलं. पुढे डोरोथिया जॉर्डन नावाच्या नटीबरोबर त्यानं वीस वर्षं संसार केला, दहा मुलं झाली, लग्न मात्र नाही. भाऊ वारसाशिवाय गेले आणि १८३० साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हा म्हातारा खलाशी राजा झाला. औरस मूल जगलं नाही. म्हणून त्याच्यानंतर पुतणी आली, ती व्हिक्टोरिया.

आता थोडं मागे जाऊ. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा लंडनच्या गादीवर विल्यमचा बाप होता. ‘होता’ म्हणायचं इतकंच. तिसरा जॉर्ज तेव्हा विंडसरच्या किल्ल्यात आंधळा आणि भ्रमिष्ट अवस्थेत दिवस काढत होता. कारभार थोरला मुलगा बघत होता, आणि हिंदुस्थानचा कारभार तर कंपनीच बघत होती. पेशवाई बुडाली हे त्या राजाला कळलं असेल का, कुणास ठाऊक. भीमा आणि नीरेच्या मधल्या गावांत त्याचं नावही कुणी ऐकलं नसेल. तिथे राज्य बदललं हे कळलं ते वसुलीला येणारा माणूस बदलला म्हणून.

त्या माणसामागचा साहेब होता रॉबर्ट कीथ प्रिंगल. हा इंग्लंडच्या हेलीबरी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकला होता. लोकसंख्येचा सिद्धांत मांडणारा तो माल्थस हाच. रिकार्डोचं खंडाचं अर्थशास्त्र डोक्यात घेऊन प्रिंगलनं १८२७ पासून पुणे जिल्ह्याची मोजणी केली. शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरेल, त्यातले ५५ टक्के सरकारचे. कागदावर सुरेख. पण पीक किती, खर्च किती, हे शेतोशेत ठरवणार कोण? मोजणीदारांनी लाच खाल्ली, आकडे चुकले, धान्याचे भाव पडले. आकारणी इतकी जड झाली की माणसं घरदार सोडून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेली आणि जमिनी पडीक राहिल्या. वसुलीसाठी छळ झाल्याचं पुढे इंग्रजांच्याच अहवालांत नोंदलेलं आहे. तेव्हा राजा होता चौथा जॉर्ज, विल्यमचा थोरला भाऊ. त्याला कपड्यांचा, जेवणाचा आणि वाडे बांधण्याचा भारी शौक.

मग विल्यमच्या कारकिर्दीत, १८३५ साली, गोल्डस्मिड नावाचा अधिकारी आणि जॉर्ज विंगेट नावाचा इंजिनीअर लेफ्टनंट यांनी प्रिंगलचा घोळ निस्तरायला घेतला. सुरुवात केली इंदापूरपासून. १८३६ साली इथे तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला गेला. मुंबई इलाख्यात जी रयतवारी मोजणी पुढे गावोगाव गेली, तिचा पहिला धडा या कोरड्या तालुक्यात गिरवला गेला.

त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला हे मला आवडतं. निव्वळ उत्पन्न किती, हा सोडवता न येणारा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. जमीन बघितली: काळी किती, खोल किती, चुनखड आहे का, उताराची आहे का. मातीची प्रत आण्यांत लावली. सोळा आणे म्हणजे उत्तम, तिथून खाली उतरत जायचं. तालुक्यानं मागं किती सारा खरोखर पेलला होता ते पाहून एकूण रक्कम ठरवली आणि ती या आण्यांच्या प्रमाणात वाटून दिली. शेताचा तुकडा केवढा धरायचा? एका बैलजोडीला झेपेल एवढा. प्रत्येक तुकड्याला नंबर, कोपऱ्यांवर दगड.

आज आपण प्लॉटचा भाव गुंठ्यानं बोलतो. हा गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस मिळून एक एकर. ३३ फूट ही मोजणीच्या साखळीची लांबी. आपल्याकडचे बिघे आणि चाहूर मागे पडले, इंग्लंडातला एकर आला आणि साखळीनं कापला गेला. जमिनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अकरा गुंठे, रोड टच’ असं कुणी टाकलं की मला त्या साखळीचा खळखळाट ऐकू येतो.

या व्यवस्थेची स्तुती भरपूर झाली, आणि काही अंशी ती खरी आहे. दर कमी झाले, पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. पण तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. सारा रोख रुपयांत द्यायचा, ठरलेल्या हप्त्याला द्यायचा, आणि पाऊस पडो न पडो, द्यायचा. कुळाला पूर्वी गावानं मिळून पाटलामार्फत घासाघीस करता यायची. आता प्रत्येक खातेदार एकटा. समोर सरकार आणि हातात रुपया हवा.

त्या रुपयावर त्याच सुमारास पहिल्यांदा एक चेहरा आला. आधी इकडे चालायचा पुण्याचा अंकुशी रुपया आणि असे कितीतरी प्रकार, नावं बादशहाची, चेहरा कुणाचाच नाही. १८३५ साली कंपनीनं साऱ्या मुलखासाठी एकच रुपया काढला. यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी, आणि एका बाजूला विल्यमचं डोकं. १८३७ च्या जूनमध्ये विल्यम मेला तरी रुपयावर तोच राहिला. पुतणीचा चेहरा आला तो १८४० चा आकडा घेऊन. म्हणजे इंदापूरच्या शेतकऱ्यानं काही हप्ते मेलेल्या राजाच्या तोंडावर मोजून दिले.

त्यानंतर आली ती राणीछापची लांबलचक सद्दी. व्हिक्टोरिया त्रेसष्ट वर्षं राणी होती. १ नोव्हेंबर १८५८ ला तिचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं. पुढच्याच महिन्यात पुण्याहून निघालेला लोहमार्ग आमच्या तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोचला. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नेमक्या या तेजीच्या मागोमाग १८३६ ची तीस वर्षं संपली. पहिला बंदोबस्त इंदापूरचा, म्हणून पहिली फेरआकारणीही इंदापूरचीच, १८६७ मध्ये. भाव चढे होते, रेल्वे आली होती, साहेबांनी सारा भरपूर वाढवला. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव उतरणीला लागले होते.

फरक भरून काढायला एकच दार उघडं होतं, सावकाराचं. आणि सावकाराच्या हातात नवा कायदा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाला वाचवण्याचा. घडलं भलतंच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कुळाला वाचता येत नव्हतं, तो अंगठा देई. पुढे दावा, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती. स्टँपच्या कागदावर राणीची मुद्रा, कोर्टात राणीचा कायदा, जप्तीला येणारा बेलिफ राणीचा. जाहीरनाम्यातली प्रेमळ राणी आणि ही राणी शेतकऱ्याच्या लेखी दोन वेगळ्या बायका असणार.

१८७४ मध्ये सरकारला जाग आली. तालुक्याची वाढ ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाची ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खातेदाराची १०० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, असा हुकूम निघाला. हा हुकूम उलटा वाचून बघा. शंभर टक्क्यांची मर्यादा घालावी लागते, याचा अर्थ त्याआधी काय चाललं होतं?

१२ मे १८७५. सुप्याचा बाजार. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. हे तेच सुपे, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. बाजाराच्या गर्दीनं गुजराती सावकारांच्या घरांना आणि दुकानांना वेढा घातला. मागणी धान्याची नव्हती, दागिन्यांची नव्हती. मागणी कागदांची होती: रोखे, वह्या, हुकूमनामे. हाती लागले ते रस्त्यावर आणून जाळले. लूट झाली, आग लागली, पण माणसं मारण्याकडे जमावाचा रोख नव्हता. पुढच्या काही दिवसांत हेच पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत झालं. जिथे सावकारानं मुकाट कागद दिले तिथे त्याला बहुधा सोडून दिलं गेलं. इंग्रजी पुस्तकांत याला ‘डेक्कन रायट्स’ म्हणतात. दंगल हा शब्द मला इथे नेहमी तोकडा वाटतो. काय जाळायचं हे इतकं नेमकं ठाऊक असलेल्या जमावाला दंगलखोर म्हणणं म्हणजे त्याच्या अकलेचा अपमान आहे.

सहा महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, राणीचा थोरला मुलगा मुंबईत उतरला. हाच पुढचा सातवा एडवर्ड. दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस मुंबईत थाटात झाला. तिथून तो पुण्यालाही येऊन गेला. सुपे पुण्याहून बैलगाडीच्या वाटेनं फार तर दोन दिवसांवर.

पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. इतिहासातला तो भीषण दुष्काळ ऐन भरात असताना, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातानं विणलेल्या पांढऱ्या खादीत हजर होते. राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो दर्जा आहे तोच आम्हाला द्या, अशी मागणी त्यांनी तिथे मांडली. गांधींच्या खूप आधीची ही खादी. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, केलं. वर एखादा आणा. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर. आपल्या इलाख्यात उपाशी माणसांनी या मजुरीवर बहिष्कार टाकून कामं सोडली. उपाशी असताना. आणि टांकसाळीत रुपयावरचं ‘क्वीन’ खोडून ‘एम्प्रेस’ घालण्यात आलं.

सुप्याच्या आगीचा एक परिणाम मात्र झाला. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा. कोर्टानं रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासावं, असं त्यात आलं. आणि दुष्काळातून नीरेच्या डाव्या कालव्याचं काम निघालं. आज बारामती आणि इंदापुरात जो हिरवा ऊस दिसतो, त्याची मुळं त्या पाण्यात आहेत.

व्हिक्टोरिया स्वतः हिंदुस्थानात कधीच आली नाही. १८८७ पासून अब्दुल करीम नावाच्या आग्र्याच्या नोकराकडून ती हिंदुस्थानी शिकत होती, वहीत अक्षरं गिरवत होती. तिचा जिव्हाळा खोटा नसावा. तो सुप्यापर्यंत पोचायला मध्ये कलेक्टर, मामलेदार, कारकून आणि बेलिफ असे फार थर होते, इतकंच.

पुढचे राजे भराभर जातात. सातव्या एडवर्डची नऊ वर्षं. मग पाचवा जॉर्ज. त्याच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला ती नाणी मागे घेऊन वितळवावी लागली. सम्राटाच्या कारकिर्दीची याहून वाईट सुरुवात कुठली! त्याच्याच काळात, १९२८ साली, भाटघरला मोठं धरण पुरं झालं. नाव दिलं राजाचं नाही, लॉईड या गव्हर्नरचं. कालव्याच्या त्या पाण्यावर वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबला साखर कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. आठव्या एडवर्डनं युवराज असताना १९२१ मध्ये पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली होती. इंदापूरच्या बंदोबस्ताला शंभर वर्षं झाली त्या १९३६ साली तो राजा झाला, आणि एका घटस्फोटितेसाठी वर्षाच्या आत गादी सोडून गेला. आपल्या रुपयावर त्याचा चेहरा येऊ शकला नाही. आला तो भाऊ, सहावा जॉर्ज. १९४० पासून त्याच्या रुपयात चांदी अर्धीच राहिली, युद्धात जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले गेले, आणि १९४७ चा त्याचा शेवटचा रुपया तर निकेलचा, मागे वाघ.

सरकारनं परत मागितलेले राणीछाप सगळेच काही परत गेले नाहीत. आमच्याकडे घरोघरी दोनचार डब्यात आहेत. बारामतीच्या सराफाकडे असा रुपया नेला की तो आधी चेहरा बघत नाही, साल बघतो. १९४० च्या अलीकडचं असेल तर पलीकडे सारतो. राणीचं असेल तर काट्यावर ठेवतो, तोळाभर बरोब्बर भरतो. पण राणीछाप सहसा कुणी मोडत नाही, कारण तो लक्ष्मीपूजनाला लागतो. वर्षानुवर्षं हळदकुंकू लावून आणि चिंचेनं घासून आमच्या घरातल्या एका रुपयावरचं राणीचं नाक पार झिजून गेलंय. ‘एम्प्रेस’ हे अक्षर अजून बोटाला लागतं.