सोलापूर परिसरातील रम्यस्थळे

श्रोतेहो, रम्यस्थळांचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने कोकणपट्टी उभी राहते. रत्नागिरीच्या किल्ल्यावरून दिसणारा समुद्र, मालवणासमोरचा सिंधुदुर्ग, मुंबईचा मलबार हिल. आणि लगेच मनात येते, की आपल्या सोलापूरला काय आहे? समुद्र नाही, डोंगर नाही. आहे तो उघडा माळ, काळी जमीन आणि ऊन. शाळेची सहल ठरवायला शिक्षक मंडळी बसली की हाच सूर निघतो, आणि एस. टी. ची गाडी मुलांना घेऊन महाबळेश्वराकडे नाही तर गणपतीपुळ्याकडे चालू लागते. तिकडे जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. पण पाहण्यासारखे जे काही आहे ते दुसऱ्याच्या मुलखात, असे मुलांच्या मनावर नकळत ठसते, त्याचे काय? हा समज कितपत खरा आहे, ते आज इतिहासाच्या अंगाने तपासून पाहू.

आधी मुंबईचेच उदाहरण घेऊ. मलबार हिलवर हँगिंग गार्डन नावाची बाग आहे. पश्चिमेचा सूर्यास्त पाहायला तिथे माणसांची रीघ लागते. ही बाग १८८१ च्या सुमारास तयार झाली, ती कशावर? शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या टाकीवर. म्हणजे आपण ज्या हिरवळीवर बसतो तिच्या खाली पिण्याचे पाणी साठवलेले आहे. समुद्र पायाशी असला म्हणून तो काही पिता येत नाही. पाणी साठवावेच लागले, आणि त्या साठवणीच्या माथ्यावर मुंबईची एक नामांकित प्रेक्षणीय जागा उभी राहिली.

हीच गोष्ट आपल्या मुलखात शंभर पटीने खरी आहे. पावसाळी ढग अरबी समुद्रावरून येतात आणि आपले बहुतेक ओझे सह्याद्रीच्या पश्चिम अंगालाच उतरवून टाकतात. आपण पडलो पर्जन्यछायेत. सोलापुरात वर्षाचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. इथे पाणी आपण होऊन थांबत नाही, ते कोणीतरी थांबवावे लागते. जिथे कोणी ते थांबवले, तिथे झाडे आली, पाखरे आली, देऊळ आले, जत्रा आली. आपल्याकडची बहुतेक रम्यस्थळे अशी माणसाच्या हाताने झालेली आहेत. म्हणून ती पाहायला जाताना डोळ्यांबरोबर थोडा इतिहासही बरोबर न्यावा लागतो.

निसर्गाने आपल्या हाताने दिलेली एक जागा मात्र आधी सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, हत्तरसंग कुडल येथे सीना नदी भीमेला मिळते. कूडल हा कानडी शब्द, त्याचा अर्थच संगम. काठावर संगमेश्वराचे आणि हरिहरेश्वराचे अशी जुनी देवळे आहेत. ज्या एका शिवलिंगावर शेकडो लहान लहान मुखे कोरलेली आहेत, ते बहुमुखी लिंगही इथेच आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना या जागेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. संगमेश्वराच्या देवळातील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख हा मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक आहे. तो प्रकाशात आणण्यात सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांचा मोठा वाटा. त्यातील मराठी वाक्याचा आशय असा, की हा लेख जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी नदीकाठी बसून वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारा तो कोणी लेखक! शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पहिली सहल इथेच काढावी, असे मला वाटते. कानडी आणि मराठी या दोन भाषांचाही संगम मुलांना तिथे दाखवता येईल.

आता शहरात येऊ. सिद्धेश्वराचा तलाव आपण रोज पाहतो, म्हणूनच कदाचित नीट पाहत नाही. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सिद्धरामेश्वर इथे होऊन गेले. गावाचे तेव्हाचे नाव सोन्नलगी. हे मोठे शिवयोगी, कानडी वचने रचणारे संत. कवी राघवांकाने त्यांच्यावर स्वतंत्र चरित्रकाव्य लिहिले. त्यांच्या थोरवीच्या पुष्कळ कथा आहेत, पण गावाने त्यांची आठवण मुख्यत्वे जपली ती तलावामुळे. देवाची भक्ती करायची ती पाण्याच्या रूपाने, हा त्यांचा मार्ग. वीरशैव शरणांच्या शिकवणीत कष्टाला, म्हणजे कायकाला, पूजेचा मान आहे, आणि त्याच भावनेने त्यांनी अनुयायांना हाताशी धरून तळे खोदले, अशी परंपरा सांगते. आज पाण्याच्या मधोमध देऊळ दिसते, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, उंच नंदीध्वज मिरवत येतात. हा सारा सोहळा त्या खोदकामाच्या काठाने वाढला आहे.

त्याच पाण्याला लागून भुईकोट किल्ला आहे. बहामनी काळातले हे बांधकाम. डोंगर नाही तर किल्ल्याला आडोसा कशाचा? पाण्याचा. एका बाजूला तलाव आणि उरलेल्या बाजूंना खंदक. या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर पिढ्यानपिढ्या भांडले. चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा हा किल्ला अहमदनगरकडून विजापूरला आंदण म्हणून गेला. १८१८ च्या मे महिन्यात मन्रो या इंग्रज सेनापतीने तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. तटावर उभे राहून तलावाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की संताने तहानलेल्यांसाठी खोदलेले पाणी पुढे राजांच्या तोफांनाही उपयोगी पडले.

पाण्याचा आणि किल्ल्याचा असाच संबंध पण फार मोठ्या कारागिरीने साधलेला पाहायचा असेल, तर हैदराबादच्या रस्त्याने पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर जावे. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, इथे बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला. नदी अडवून तिच्या पाण्यानेच किल्ल्याचे रक्षण करायचे आणि आतल्या फौजेची तहानही भागवायची, ही योजना. पण बांधणाऱ्याचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. बंधाऱ्याच्या पोटात त्याने महाल काढला, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरून आली की बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाण्याचे लोट खाली कोसळतात. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आत खिडकीपाशी उभे राहावे, समोरून पाण्याचा पडदा गर्जत पडत असतो आणि पायाखालची फरशी कोरडी असते. १८५३ नंतर काही वर्षे मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी या भागाचा कारभार पाहत होता. त्याने आत्मचरित्रात या किल्ल्याचे मोठ्या आवडीने वर्णन केले आहे. मात्र नळदुर्गाला जायचे तर चांगला पाऊस झाल्यानंतर जावे. बोरी भरली नाही तर नर-मादी मुकेच राहतात, आणि तेही आपल्या हवामानाचे एक शिक्षणच आहे.

तुळजापूर रस्त्याने शहराबाहेर पडले की हिप्परग्याचा तलाव लागतो. कागदोपत्री याचे नाव एकरूख तलाव. इंग्रज सरकारने १८६६ ते १८७१ या काळात आदिला नदीवर हा मातीचा बांध घातला. लांबी सुमारे दोन किलोमीटर, उंची जास्तीत जास्त पाऊणशे फूट. मुंबई इलाख्यातल्या त्या वेळच्या मोठ्या कामांपैकी हे एक. दुष्काळापासून शेतीचे रक्षण करावे हा हेतू, आणि त्यासाठी वेगवेगळ्या उंचीवरून कालवे काढले होते.

पण इतिहासाने या कामाची परीक्षा फार लवकर घेतली. अवघ्या पाच वर्षांत, १८७६ साली, पाऊस फिरला आणि १८७८ पर्यंत चाललेला महाभयंकर दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्याला त्याची झळ फार लागली. इतकी, की जिल्ह्याची १८८१ ची शिरगणती १८७२ च्या शिरगणतीपेक्षा कमी भरली. माणसे गेली, काही देशोधडीला लागली. असल्या तलावांची एक अडचण तेव्हा साऱ्या दख्खनमध्येच दिसून आली. पाऊस बरा झाला तर काळ्या जमिनीतल्या ज्वारीला कालव्याचे पाणी फारसे लागत नसे, आणि पाऊस गेला तर तलावातच पाणी नसे. तरी एकरूख वाया गेला असे कोणी म्हणू नये. १८७७ साली सोलापुरात कापडाची गिरणी निघाली, शहर वाढू लागले आणि त्या वाढत्या शहराला याच तलावाने पाणी पाजले. गिरणगाव सोलापूर उभे राहिले ते या बांधाच्या आधाराने. आज हिवाळ्यात बांधावर सकाळी गेलात तर चक्रवाक आणि तऱ्हेतऱ्हेची पाहुणी बदके दिसतील.

आता थोडे पाण्यापासून दूर जाऊ. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. इथे पाहायचे काय, असे मुले विचारतील. गवत, आणि क्षितिजापर्यंत मोकळे आकाश. माळ म्हणजे पडीक जमीन, असे आपण धरून चालतो, पण गवताळ माळ हाही निसर्गाचा एक पुरा संसार आहे. काळवीट, लांडगा, चंडोल आणि सर्वांत मानाचा माळढोक, हे सगळे मोकळ्या रानाचे रहिवासी. माळढोकाला झाडी नको, त्याला चहूकडे लांबवर नजर पोचली पाहिजे. १९७९ साली इथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ होता. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. लोकांची कुचंबणा झाली आणि पुढे ते क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले. दरम्यान माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि अलीकडच्या वर्षांत एखादा-दुसरा माळढोक दिसला तरी ती बातमी होते. काळवीट अजून भरपूर आहेत. ते पाहून यावे, आणि माळढोक का दिसला नाही याची चर्चा मुलांबरोबर तिथेच गवतात बसून करावी.

शेवटी उजनी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. जलाशयाचे नाव यशवंतसागर, साठा शंभर टी. एम. सी. हून अधिक. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात आणि करमाळा-भिगवणच्या काठाला दुर्बिणी घेतलेल्या लोकांची गर्दी होते. समुद्र नाही म्हणणाऱ्या सोलापूरकराने एकदा या काठावर उभे राहावे. पलीकडचा तीर दिसत नाही अशा जागा आहेत. पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ पाण्यातून वर येते. कुणाची तरी गावे, घरे, शेते या सागराच्या तळाशी आहेत. त्यांनी ती सोडली म्हणून खालच्या अंगाला ऊस उभा राहिला आणि सोलापूरच्या नळाला पाणी आले. सिद्धरामेश्वरांच्या तळ्यासाठी लोकांनी घाम दिला, या सागरासाठी लोकांनी घर दिले. रोहित पक्षी पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे.

श्रोतेहो, यातच आजची एक चिंतेची गोष्ट आहे. जोवर गाव आपल्या तळ्याचे पाणी पीत होते, तोवर त्याची राखण आपोआप होत असे. घाण टाकणाऱ्याला दुसरा हटकत असे. आता पाणी शंभर किलोमीटरवरून नळाने येते. जवळचे तळे पिण्याचे राहिले नाही, म्हणून त्यात सांडपाणी सोडायला कुणाला संकोच वाटत नाही. मग जलपर्णी माजते, गाळ चढतो, आणि पुढे सुशोभीकरणासाठी पैसा मागावा लागतो. काठाला फरशी आणि दिवे लावून पाणी स्वच्छ होत नाही. ज्या उपयोगामुळे ही स्थळे रम्य झाली, तो उपयोग सुटला म्हणजे रम्यताही फार दिवस टिकत नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवतो. सहल लांबची निघो की जवळची, वर्षातून दोनदा मुलांना गावच्याच तळ्यावर, बंधाऱ्यावर किंवा बारवेवर न्यावे. एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलात. पाण्याची खूण दगडावर चुन्याने करून ठेवावी. हे कोणी बांधले, कोणत्या साली, कोणाच्या जमिनीवर, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना मुलांनीच विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. पाच वर्षांत शाळेकडे गावच्या पाण्याचा एक छोटा इतिहास जमा होईल. पुढच्या एखाद्या दुष्काळात ग्रामपंचायतीला तो पुस्तकातल्या सनावळीपेक्षा अधिक उपयोगी पडेल, याविषयी मला शंका नाही.